चाकं कानानं बघणारे मामा

मामांचा कुणावरच विश्वास नव्हता. टायरवर छापलेल्या तारखेवर नव्हता, हवेच्या यंत्राच्या काट्यावर नव्हता, आणि 'गाडी मी अगदी जपून चालवतो' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर तर मुळीच नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मामांचं तोंड कधी पोळल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण ते पाणीसुद्धा फुंकून पीत. घरी मामींनी रात्री दाराची कडी लावली की हे उठून ती पुन्हा ओढून बघत.

"माझ्यावर विश्वास नाही की कडीवर?" मामी विचारत.

"दोघींवर."

तरीही अख्ख्या गावातली हौशी मंडळी त्यांच्याच दुकानात येत. हौस एकच, गाडीला कंपनीनं दिलेल्या चाकांपेक्षा मोठी चाकं बसवायची. बघणाऱ्याला हे काम पोरखेळ वाटतं. जुनं चाक काढा, नवं लावा, नट आवळा, झालं. पण मोठं चाक म्हणजे लहान खोलीत घेतलेलं मोठं कपाट. आत मावतं, पण दार उघडायला गेलं की अडकतं. गाडी जॅकवर असते तोवर चाक मजेत फिरतं. ती खाली टेकली, वजन आलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि त्यातच एखादा खड्डा आला, की टायरची कड मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासते. घासून घासून टायर झिजतो आणि एखाद्या दिवशी भर वेगात फुटतो.

चालत्या गाडीत हे घासणं दिसत नाही. आवाज मात्र येतो, अगदी बारीक, कुणी रेशमी कापड ओढावं तसा. तो मामांना ऐकू येई. चाकं बसवून झाली की ते शेजारच्या सीटवर बसत, काचा खाली करायला लावत, रेडिओ बंद, बोलणं बंद, आणि डोळे मिटून घेत. दुकानामागच्या गोदामाच्या पटांगणात गाडी गोल गोल फिरे. मध्येच मामा हात वर करत. "डावीकडचं, पुढचं, आतल्या बाजूनं." उतरून बघावं तर नेमकं तिथेच. मामा चाकं कानानं बघतात, असं लोक म्हणू लागले, आणि ज्या एकाच गोष्टीवर मामांचा विश्वास होता ती म्हणजे त्यांचे हे दोन कान.

दुकानात त्यांच्या जोडीला बहिणीची मुलगी होती. मामांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांनी हात काळे करायला नकार देऊन कचेरीतली टेबलं पकडली, तेव्हा हीच पुढे आली. आता तिशीला टेकली होती. टायर रिमवर चढवण्यात आणि गिऱ्हाइकाला चार शब्दांत गप्प करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्यामागे दुकान तिलाच द्यायचं, असं मामांनी मनाशी ठरवलं होतं. अर्थात हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक डाव टाकायला लागले असते!

पण गेल्या वर्षभरात मामांना वाटायला लागलं होतं की कुठंतरी पाणी मुरतंय. घरात मामी आणि बहीण बोलत बसलेल्या असत. मामा आत आले की त्यांची नुसती कुजबुज. तोंडं हलताहेत, शब्द काही कळू देत नाहीत. "काय म्हणालीस?" विचारलं की मामी म्हणत, "काही नाही, जाऊ दे." आता ज्यात काही नाही, ते इतकं हळू बोलायचं कारण काय? दुकानातही तेच. भाची एखाद्या बाईमाणसाशी बोलायची ती खालच्या आवाजात. पुरुषांचं बरं होतं. समोरचा वेल्डर, टायरचा व्यापारी, ट्रकवाले, सगळे स्वच्छ, खणखणीत बोलत. मामांनी त्यावरून निष्कर्ष काढला की कट बायकांचा आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपून ठेवली होती. मामांनी गाडीची फेरी मारून 'घेऊन जा' म्हटलं, की भाची म्हणायची, "थांबा, धुऊन आणते." आणि गाडी घेऊन मागच्या पटांगणात जायची. बरं, दुकानाच्या दारातच नळ असताना गाडी मागं कशाला न्यायची? कधी कधी गिऱ्हाइकालाही सोबत न्यायची. तिथं काय बोलणं होत असेल ते सांगायला ज्योतिषी नको. स्वतःचं दुकान काढायचं, आणि मामांची गिऱ्हाइकं आधीच फोडून ठेवायची! कानामागून आली आणि तिखट झाली, असं मामा मनाशी म्हणाले. रात्र रात्र त्यांना झोप लागेना. परक्यानं फसवलं असतं तर ते त्याला चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण हिला त्यांनी पाना कसा धरायचा हे हाताला हात लावून शिकवलं होतं. या आठवड्याअखेर हिला दुकानातून काढायचं, असं त्यांनी ठरवलं. आता फक्त रंगेहाथ पकडायचं बाकी होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. आयुष्यभर पांढऱ्या, चौकोनी, शहाण्या गाडीतून फिरल्या आणि निवृत्त झाल्यावर दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेऊन बसल्या. गाडी जुनीच, पण नखरा नव्या नवरीचा. बाईंची धाकटी बहीण ती बघून म्हणाली होती, "ताई, खेळण्यातली वाटते गं." तेव्हापासून बाईंना गाडीला मोठी चाकं हवी होती. नुसती मोठी नाही, ती बहीण पुढच्या वेळी गप्प बसेल एवढी मोठी.

अडचण अशी की हजारो पोरांवर ओरडून बाईंचा घसा कायमचा बसला होता. त्या बोलत ते वाऱ्यासारखं. मामांसमोर उभं राहून त्या काहीतरी म्हणाल्या, आणि भाची हसली.

"काय म्हणाल्या?" मामांनी विचारलं.

"काही नाही रे मामा, गंमत."

मामांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. गंमत! ठीक आहे.

चाकं दोन इंचांनी मोठी होती, काळी, चकचकीत. भाचीनं टायर चढवले, मामांनी नट स्वतःच्या हातानं आवळले, आणि दोघं फेरीला निघाले. भाची चालवत होती. मामांनी डोळे मिटले. इंजिन मस्त घुमत होतं. डावीकडं पूर्ण वळण झालं, उजवीकडं झालं, पटांगणाच्या कडेच्या खड्ड्यातून गाडी एकदा नेली. चाकांकडून काही नाही. मामा खूश झाले.

"घेऊन जा म्हणावं," ते म्हणाले.

भाचीनं गाडी थांबवली. त्यांच्याकडं तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, "मामा, घासतंय."

"कुठं घासतंय?"

"डावं, पुढचं. वळताना."

"काहीही घासत नाही."

"अरे, ऐक ना नीट!"

मला सांगतेय नीट ऐक! मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा होय डाव! आता गिऱ्हाइकापुढं जाऊन म्हाताऱ्याला खोटं पाडायचं. म्हाताऱ्याचं काम चुकलं, माझ्या दुकानात या, मी नीट करून देते. ते तडक उतरले आणि चालत दुकानात आले. "उतर तू. मी बाईंना घेऊन जातो," त्यांनी मागून आलेल्या भाचीला फर्मावलं.

बाई शेजारी बसल्या. मामांनी त्याच वळणावर गाडी फिरवली. बाईंनी मान वळवली आणि डाव्या चाकाकडं बोट दाखवून काहीतरी पुटपुटल्या. त्यांच्या ओठांवर मामांना स्पष्ट दिसलं, त्याही तेच म्हणत होत्या.

म्हणजे हीसुद्धा सामील! पढवून ठेवली होती. मघाशी दोघी नळापाशी बोलत होत्या ते हेच. मामांचा संताप झाला, पण त्याहून जास्त आनंद झाला. संशयी माणसाचा संशय खरा ठरला की त्याला जो आनंद होतो तो देवदर्शनानंही होत नसावा. आता पुरावा तेवढा समोर ठेवायचा. त्यांनी बाईंना उतरवलं, डाव्या मडगार्डच्या आतल्या अस्तरावर ग्रीसचा हात फिरवला आणि त्यावर ट्यूबला लावायची पांढरी पावडर थापली. भाचीला म्हणाले, "आता मी एकटा जातो. परत आलो की अस्तरावर पावडर जशीच्या तशी असेल. आणि मग तुझं माझं काय ते बोलू."

"मामा..."

"एक शब्द नको."

पटांगणात कुणी नव्हतं. मामांनी काचा खाली केल्या. पूर्ण डावीकडं वळण, पूर्ण उजवीकडं वळण, खड्डा, पुन्हा खड्डा. त्यांनी जिवाचा कान करून ऐकलं. इंजिन, आणि दूरवर वेल्डरच्या जनरेटरची घरघर. बाकी शांत. त्यांनी मुद्दाम आणखी एक फेरी मारली, कारण स्वतःच्या बाजूचा पुरावाही ते एकदा तपासल्याशिवाय सोडत नसत. मग गाडी बंद करून ते समाधानानं उतरले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि आत डोकावले.

अस्तरावर पावडर नव्हती. हातभर लांबीचा पट्टा पुसून लख्ख झाला होता, आणि ती सगळी पावडर टायरच्या कडेला लागली होती. कड खरवडून खडबडीत झाली होती. त्यांनी बोट फिरवलं तर रबराचे बारीक कण बोटाला चिकटले.

मामांनी सवयीनं मागं वळून बघितलं. कुणी केलं हे? पण गाडीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि पटांगणातही कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच संशय घ्यायला दुसरं माणूसच सापडेना. चाक इतका वेळ घासत होतं आणि त्यांना ऐकू आलं नव्हतं. मामा तिथेच मातीत बसले. त्यांना भीती वाटली. आणि त्या भीतीत एकामागून एक आठवायला लागलं. स्वयंपाकघरातलं मामींचं तोंड हलणं, बहिणीचं 'जाऊ दे', फोनवर नातीचं बोलणं हल्ली कळत नाही ते. गेल्या वर्षभरात अशी किती चाकं त्यांनी 'घेऊन जा' म्हणून रस्त्यावर सोडली होती! त्यातल्या एकाचा जरी टायर फुटला असता तर?

बऱ्याच वेळानं भाची शोधत आली. तिनं टायर बघितला, मामांकडं बघितलं आणि शेजारी बसली.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"वर्ष झालं असेल," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "बारीक आवाज तुला येत नाहीत. जाडे येतात."

"आणि त्या गाड्या? मी सोडलेल्या?"

"एकही तशी गेली नाही. तू सोडल्यावर मी फेरी मारत होते. घासत असलं तर गिऱ्हाइकाला दाखवून गाडी ठेवून घ्यायचे आणि रात्री थांबून नीट करायचे."

"धुऊन आणते, म्हणायचीस."

"मग काय सांगू? मामाला ऐकू येत नाही?"

मामांनी बोटावरचे रबराचे कण पुसले. हिला हाकलायचं वाक्य त्यांनी आठवडाभर घोकून पाठ केलं होतं. त्या वाक्याची त्यांना इतकी लाज वाटली की घाम फुटला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दोनदा." भाचीचा आवाज भरून आला, आणि भरलेला आवाज जाड असल्यामुळं तो मामांना नीट ऐकू आला. "तू म्हणालास, माझ्या दुकानावर डोळा आहे तुझा."

मामांनी तसं म्हटलं होतं, आणि म्हणताना ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

घरी गेल्यावर त्यांनी मामींना समोर बसवलं. "गेलं वर्षभर तुम्ही दोघी काय कुजबुजत होता?"

मामींनी तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि वर्षभराचा राग काढून ओरडल्या, "कान दाखवून या म्हणत होतो!"

दुसऱ्या दिवशी भाचीनं त्याच चाकांवर कमी जाडीचे टायर चढवले, म्हणजे कडेला बोटभर जागा सुटली. बाई आल्याच होत्या. मामा नेहमीप्रमाणं शेजारच्या सीटवर बसले, पण या वेळी डोळे उघडे ठेवून. गाडी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, खड्ड्यातून गेली. मामा भाचीच्या तोंडाकडं बघत होते. पटांगणाच्या टोकाला तिनं गाडी थांबवली आणि मान हलवली. नाही.

दुकानात बाई वाट बघत उभ्या होत्या. भाचीनं त्यांना सगळं सांगितलेलं असावं, कारण त्यांनी उरलासुरला घसा एकवटून शाळेतला आवाज लावला. समोरचा वेल्डरसुद्धा दचकून सरळ उभा राहिला.

"मामा, घासत नाही ना? तुम्हाला काय वाटतं?"

मामांना वाकून मडगार्डच्या आत बघायची फार इच्छा झाली. गुडघ्यांवर हातही गेले होते. ते त्यांनी उचलले आणि फडक्याला पुसले.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "ती म्हणते घासत नाही, म्हणजे घासत नाही."

भाची पलीकडच्या चाकापाशी खाली बसली आणि कधीच आवळून झालेले नट उगाचच पुन्हा तपासू लागली.