गोऱ्हे आणि थर्मास

जयंतीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे असलं की कॅनडातल्या रेजिना शहरातली आमची मराठी मंडळी घरून जेवूनच येतात. दोन वक्त्यांच्या मध्ये मी जे बोलतो ते तिसरं भाषणच असतं, असं माझ्या बायकोचं मत आहे. ती जनावरांची डॉक्टर. परभणीला शिकली, आणि इथलं लायसन्स मिळेपर्यंत तिची काही वर्षं अभ्यासात गेली. त्या वर्षांत घरात बोलायचं खातं माझ्याकडेच राहिलं, ते आजतागायत. मी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. माझा आणि जनावरांचा संबंध यायचं खरं तर काहीच कारण नव्हतं.

पण मेमधल्या एका शनिवारी तिला शहराबाहेरच्या एका रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यावर, जायचं होतं आणि तिची मदतनीस तापाने पडली. काम होतं गोऱ्हे खच्ची करायचं. हे ऐकल्यावर कुठल्याही पुरुषाचं होईल तेच माझं झालं, मी बसल्या जागी पाय जुळवून घेतले. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, तुला फक्त गाडी चालवायचीय.

वाटेत तिने सगळं सांगितलं. रँचचा मालक साठीचा. त्याच्या बापाने गोऱ्हे चाकूने खच्ची केले, यानेही जन्मभर तेच केलं, आणि बधिर करायचं इंजेक्शन दोघांनीही कधी दिलं नव्हतं. हिने अख्खा हिवाळा त्याचा पिच्छा पुरवला होता. आधी जागा बधिर करायची, शिवाय पुढचे दोन-तीन दिवस दुखू नये म्हणून वेगळं औषध द्यायचं. शेवटी तो कबूल झाला, पण अट घालून. दिवस पेरणीचे, वेळ कुणाला आहे? एकदा करून बघतो, फरक दिसला नाही तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा आपलं जुनंच. म्हणजे त्या दिवशीच्याच नव्हे, पुढे जन्मायच्या गोऱ्ह्यांचंही त्या दिवशीच ठरणार होतं. एवढं सांगून बायको मांडीवरच्या औषधाच्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत राहिली, तेव्हाच मला तिच्या मनावरचा ताण कळला.

पद्धत साधी होती. पाच-पाच गोऱ्हे लोखंडी कठड्यांच्या अरुंद वाटेत घ्यायचे, हिने इंजेक्शनं द्यायची, जरा थांबायचं, मग मालकाने चाकू चालवायचा. फाटकावर त्याचा धाकटा भाऊ. त्याचं निम्मं लक्ष ढगांकडे.

गडबड झाली ती त्या ‘जरा थांबायचं’मध्ये. ही दुसऱ्या गोऱ्ह्याला टोचत होती, तेवढ्यात मालकाने पहिल्याचं काम उरकून टाकलं. तो गोऱ्हा असा हंबरला की कुंपणापलीकडून त्याची आई धावत आली. मालक भावाला म्हणाला, या औषधाने काही फारसं होत नाही वाटतं.

बायकोचा चेहरा लाल झाला. सुया घ्यायच्या निमित्ताने ती माझ्यापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “औषध चढलंच नव्हतं रे. पाच मिनिटं वेट करायला काय जातं यांचं? आता मी बोलले तर आर्ग्युमेंट होईल. तू काहीतरी कर, पण त्यांना होल्ड कर.”

मी काहीतरी करायचं म्हणजे बोलायचं. मी हवेवर बोललो, हॉकीवर बोललो, वाटेतल्या खड्ड्यांवर तर मनापासून बोललो. मालक दर वेळी ‘याप’, म्हणजे ‘हो’, एवढंच म्हणायचा आणि विषय संपायचा. हा माणूस आमचा जयंतीचा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपेल. त्याचा हात पुन्हा चाकूकडे जायला लागला आणि मला थर्मास आठवला.

कार्यक्रमातला मोठा स्टीलचा थर्मास मी सकाळीच आलं-वेलची घातलेल्या चहाने भरून गाडीत ठेवला होता. पेट्रोल पंपावरच्या कॉफीला मी काढा म्हणतो. जयंतीचे उरलेले कागदी कपही होते. मी दोघा भावांना काठोकाठ भरलेला, जीभ पोळेल असा चहा दिला. कप धरायलाच दोन्ही हात लागत होते. आमच्याकडच्या ऑफिसांत चहा आला की फायली आपोआप मिटतात. ही विद्या सातासमुद्रापार कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कप रिकामे होईपर्यंत औषध चढलं आणि बायकोने होकाराची मान हलवली. मालकाने दुसरा गोऱ्हा हाती घेतला. त्याने नुसती शेपटी उडवली. सोडल्यावर तुरुतुरु आईकडे गेला आणि प्यायला लागला. मालक त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

मग आमचा मेळ बसला. ही टोचायची, मी ओतायचो. धाकट्या भावाने चहात काय काय घातलंय असं विचारायची चूक केली. मी आल्यापासून सुरुवात केली आणि वेलचीच्या मळ्यांपर्यंत पोचलो, तोवर गोऱ्हे बधिर झाले होते. बायकोने खूण केली की मी गप्प व्हायचो. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. एकही गोऱ्हा पुन्हा तसा हंबरला नाही, आणि मला इतका आनंद झाला की मी पाय जुळवायचंही विसरलो.

शेवटचे पाच राहिले आणि थर्मासने दगा दिला. पार उलटा केला तरी चहाचा गाळ तेवढा पडला. तिकडे ढग जवळ आले होते. धाकट्या भावाने आपला कप चुरगळून फेकला, हात पुसले आणि चाकू उचलला. बायकोची सुई अजून पाचव्या गोऱ्ह्यातच होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण आयुष्यात एकदा शब्द हवे होते तेव्हा एकही आला नाही.

“थांब जरा,” कठड्याला टेकलेला मालक भावाला म्हणाला. “माझा चहा राहिलाय अजून.”

भावाने चाकू खाली ठेवला. मालकाने कप ओठांना लावला. मी शेजारीच उभा होतो, कपाचा तळ मला दिसत होता, तो कोरडा ठणठणीत होता. बायकोने मान हलवेपर्यंत तो सावकाश घोट घेत राहिला.