भावना मोजणारी चाचणी

घरात सगळ्यांत आधी कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात का, ठाऊक नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

दूरच्या शहरात, मल्लेश्वरम भागातल्या एका संस्थेत मला समुपदेशन शिकायचं होतं. प्रवेशासाठी संगणकावर चाचणी होती. पडद्यावर प्रसंग आला: तुम्हाला हवं असलेलं बक्षीस मित्राला मिळालं. तुम्हाला काय वाटेल? त्याला काय वाटेल? आमच्या निपाणीकडच्या घरात 'मला दुःख झालं' असं कुणी म्हणत नाही. आई म्हणते, "घास उतरंना." मी तेच इंग्रजीत लिहिलं: मला जेवण जाणार नाही, तो मला हाताला धरून जेवायला नेईल.

बाहेर आल्यावर, चाचणी दिलेली एक मुलगी हसली. "अरे, तो प्रोग्रॅम राग, मत्सर असे भावनांचे शब्द मोजतो. तू काय मेसचा मेन्यू लिहून आलास?"

मीही हसलो, पण मनात आलं, मला भावनाच कळत नाहीत, असं यंत्राने ठरवलं तर? निकाल येईपर्यंत फोन वाजला की दचकायचो.

काल मेसेज आला: भावनिक जाणीव कमी, निवड नाही. रूममेटने विचारलं, "काय वाटतंय?"

"मेसला तू जा," मी म्हणालो. "आज घास उतरायचा नाही."