एका रिमोटवर दोघे

आमच्या मिठबावातली बोटीवरची माणसे सुट्टीवर यायची ती सोने, सेंट नाहीतर जाड ब्लँकेट घेऊन. बटण्या व्हिडिओ गेम घेऊन यायचा. परदेशी बोटीवर तो स्वयंपाकी होता. बंदर लागले की बाकीचे बाजारात आणि हा गेमच्या दुकानात. बरे, लपवून आणील तर शपथ. एसटीतून उतरला की खोका डोक्यावर, आणि त्याच्यावरचे चित्र रस्त्यावरच्या माणसाला नीट दिसेल अशा बेताने धरलेला. बटण्या हे नाव लोकांनी हिणवायला ठेवले होते. त्याने ते रंगाऱ्याकडून पडवीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले.

मी तिसरीत शाळा सोडली आणि पुढे जन्मभर होडीचे सुकाणू धरले. बटण्याने आणि मी म्हातारपणी पोरखेळ केला असे गावात अजून म्हणतात. म्हणोत. मी त्या पडवीत बसत होतो आणि कोणाला विचारून बसत नव्हतो.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, तिथे कॅसेटची नाजूक पितळी टोके काय टिकणार? पावसाळा आला की त्यांना हिरवट बुरा चढायचा. म्हणून बटण्या कॅसेटी फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायचा. तांदूळ ओल ओढतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, भातासाठी तांदूळ काढायला गेली की हमखास एखादी कॅसेट मापात यायची. मग माजघरातून आवाज यायचा, "लोकांचे घोव सोना हाडतत, माझो घोव डबे हाडता. आता डबेच शिजयतंय." बटण्या बाहेरून सांगायचा, "शिजय, पण तो रणगाड्यांचो नको. त्येचो डाव अर्धो रवलो हा."

नोकरी संपली तशी पडवी भरली. मोठ्या पाठीचा जुना डबा टीव्ही, कारण सपाट टीव्हीवर त्याचे बंदुकीचे खेळ चालत नसत. समोर चटई. नियम एकच, हरला तो उठला. तलाठी असो की सरपंच. सरपंच एकदा रुसून बसला, उठेना. बटण्याने त्याच्या हातातला खेळाचा रिमोट काढून घेतला आणि म्हणाला, "थंय ग्रामपंचायतीत बस. हय हरलेल्याक खुर्ची नाय."

पुढे पुढे रविवारी बाहेरची माणसे यायला लागली. कुडाळचा बँकेतला माणूस, गोव्याची एक डॉक्टरीण, पुण्याचे दाढीवाले. सगळे याच वेडाचे. एकमेकांना कॅसेटी दाखवायचे, बालपणीचे सांगायचे. त्यांच्या तोंडी सारखा 'रेट्रो' शब्द. बटण्याने विचारले, "रेट्रो म्हणजे काय रे?"

"जुनं, पण जीव लावलेलं, काका."

"मगे माझी बायल पण रेट्रो."

आतून वहिनी म्हणाली, "आणि तू भंगार."

त्यातल्या एका पुणेकराने सीलबंद कॅसेट आणली होती. दुकानातून आली तशी, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेली. दोन बोटांत धरून दाखवत होता. बटण्याने विचारले, "भुतुर काय आसा?"

"उघडली तर किंमत जाते, काका."

"म्हणजे तुका म्हाईत नाय. मगे ही कॅसेट न्हय रे, वीट." एवढे बोलून बटण्या आपल्या खेळाला लागला. जेवणाची पाने वाढायच्या आत त्या माणसाने स्वतःच्या नखाने प्लॅस्टिक फाडले. जेवायला मात्र तो शेवटी आला, खेळ सोडवेना.

मग बटण्याची डावी बाजू गेली. तोंड सुधारले, पाय ओढत चालू लागला, पण डावा हात मांडीवर मेल्या माशासारखा. मुलगा प्रमोद ठाण्याहून आला. त्याला पडवी पाडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. पोरगा वाईट नव्हे. औषधे, मालिश, सगळे तोच बघत होता आणि घराला मिळकत हवीच होती. तो मला म्हणाला, "काका, तुम्हीच समजवा. एका हाताने बाबा काय खेळणार?"

बटण्याने ऐकले. म्हणाला, "दुसरो हात हाडतंय."

तो हात म्हणजे मी. रिमोटच्या डाव्या अंगाला दिशा आणि उजव्या अंगाला बटणे. मी दिशा धरायची, त्याने गोळ्या झाडायच्या. दोघे खांद्याला खांदा लावून एक रिमोट धरून बसलो. रविवारची मंडळी हसली. आम्ही त्यांना हसू दिले.

प्रमोदशी त्याने सगळ्यांसमोर पैज लावली. विमानाचा खेळ, जो त्याने धडधाकट असताना एकदाही शेवटपर्यंत नेला नव्हता, तो आम्ही दोघांनी पुरा करायचा. केला तर पडवी राहील. नाही झाला तर बटण्या आपण होऊन गवंड्याला बोलावील. प्रमोदने दिवाळीपर्यंत मुदत दिली.

रोज सकाळी आम्ही बसायचो. भांडण तर असे व्हायचे की वहिनी चहा दारातच ठेवून जायची. "वर घे रे, वर! होडी चलयतंस काय?"

"तू मार आधी. बटण्या नाव कित्याक ठेवलां?"

खरी गोष्ट अशी की मी होडीच चालवत होतो. समुद्रात लाट आली की नाक लाटेवर द्यायचे असते. आडवे पळालात की उलटलात. विमानाच्या खेळात समोरून गोळ्यांची रांग आली की बाजूला व्हायचे. डोक्याला कळत होते. अंगठ्याला समुद्रच ठाऊक होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पडवी भरली. प्रमोद खांबाला टेकून उभा. आम्ही शेवटच्या शत्रूपर्यंत गेलो. तिथवर कधीच गेलो नव्हतो. चटईवरची माणसे पडद्याकडे सरकली. त्या धुडाने आग सोडली, पडदाभर आडवी, अगदी लाटेसारखी. माझ्या अंगठ्याने नाक तिच्यावर दिले. संपले.

मला त्याची लाज नाही. त्याच अंगठ्याने मी माणसे किनाऱ्याला आणली आहेत.

प्रमोद पुढे आला. "बाबा, राहू दे. राहू दे पडवी."

बटण्या भिंत धरून उठला. "हरलंय तर हरलंय. माका भीक नको." आणि माझ्याकडे वळून, "तुझ्या मांगरात जागा आसा मा?"

दुसऱ्या दिवशी त्याने गवंड्याला निरोप धाडला. टीव्ही, खोके, तांदळाच्या पिंपासकट सगळे माझ्या शेतातल्या मांगरात आणले. शेणाची जमीन, वर कौले, डास भरपूर. तिथे आम्ही थंडीभर आणि पुढे उन्हाळ्यातही खेळलो. शेवटचा शत्रू पडला नाही. आंबे उतरायच्या दिवसांत बटण्या गेला. सकाळी खेळून गेला होता, दुपारी झोपेत गेला.

आता प्रमोदच्या खोल्या उभ्या आहेत. थंडगार आहेत, खोटे कशाला बोला. पण त्यांतले पाहुणे विचारत विचारत माझ्या मांगरात येतात आणि डास मारत खेळतात. म्हणून परवा प्रमोद आला. म्हणाला, "काका, सगळं परत घरी नेऊया. चांगली खोली देतो, बोर्ड लावतो. बाबांचं नाव राहील."

"नाय," मी म्हटले. "तुझो बापूस हरललो. त्येणा शब्द पाळलो, तू मोडू नको."

तो खोक्यांकडे बघत म्हणाला, "मग मी काय करू?"

मी चटईवर उजवीकडे सरकलो. बटण्याच्या जागी, बटणांच्या बाजूला बसलो. माझा उजवा अंगठा अजून मंद आहे, पण शिकतो आहे.

"चपला भायर काढ," मी सांगितले, "आणि डावो हात दी."