काकांचं मास्तर आणि शेतावरचा डबा

माझ्या बायकोच्या काकांइतका माणसाच्या अकलेवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या मावळात शोधून सापडायचा नाही. त्यांच्या आंबी गावात त्यांच्यासमोर कुणाला "गाढवा" म्हणायची सोय नव्हती. "माज्या गाढवाची बदनामी करू नगंस!" म्हणून उसळायचे. गाढवाचं नाव मास्तर. डोंगरावरच्या वाडीला रस्ता नव्हता तेव्हा मास्तर वाळूची पोती घेऊन एकटंच वर जायचं. वाडीतले लोक ओझं उतरवून घ्यायचे, की हे आपलं आपण घरी! "नोकरीवाला तरी असा सरळ घरी येतो का?" असं काका नेमकं माझ्याकडे बघून विचारायचे.

माणूस आणि जनावर यांत फरक काय, हा त्यांचा लाडका विषय. दर भेटीला नवा सिद्धांत! आधी म्हणाले, मानूस हसतो. पण काकू शेणात घसरल्या आणि मास्तर दात काढून बघत राहिलं, सिद्धांत रद्द. मग म्हणाले, मानसाचा हात चालतो. लोणावळ्यात एका माकडानं माझ्या पिशवीची चेन उघडून चिक्कीचा पुडा पळवला, तेव्हा अहो, माझी समजूत काढायची सोडून हे गृहस्थ माकडाला शाबासकी देत होते! शेवटी म्हणाले, "मानूस चुकला की शिकतो." भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "मग तुमाला कशात धरायचं?"

पुढं वाडीला डांबरी रस्ता झाला आणि मास्तर बेकार झालं. "रविवारी वीटभट्टीवाला येतोय, द्या त्याला," काकूंनी फर्मावलं. काकांचा चेहराच पडला. म्हातारं गाढव भट्टीवर टिकणार नव्हतं. "नवं काम शिकंल की ते! उद्या माजा डबा त्याच्यासंगं शेतावर धाड. पोचलं तर ठिवायचं," काका कळवळून म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मास्तरला शेताची वाट दाखवली, बांधावर उभं करून नीट समजावलं. मास्तरनं कान हलवले.

दुसऱ्या दिवशी मास्तर डबा घेऊन निघालं ते सवयीनं थेट वाडीत! लोकांनीही सवयीनं ओझं उतरवलं. पिठलं-भाकरी बघून त्यांना वाटलं, दाजींनी आठवणीनं धाडलंय. कारण काकूंचं माहेर तीच वाडी. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. पण भांडं रिकामं कसं परत द्यायचं? डबा करवंदांनी भरून मास्तरच्या पाठीवर बांधला.

काका दिवसभर शेतावर उपाशी. घरी येऊन म्हणाले, "हारलो गं." काकू ओसरीवर करवंदं खात रडत होत्या. आईबाप गेल्यापासून माहेराहून त्यांना कुणी काही धाडलं नव्हतं. "कुटं जायचं न्हाई मास्तर," त्या म्हणाल्या, "उद्या पुन्यांदा वाडीला डबा धाडते." काका भुकेल्या पोटी नाचायचेच बाकी होते! "घावला फरक! भांडं रिकामं धाडायला ज्याला लाज वाटती, त्यो मानूस!" हा सिद्धांत मात्र त्यांनी पुन्हा बदलला नाही.

मास्तर गेल्या साली गेलं. आता काका स्वतःच डबा घेऊन जुन्या पायवाटेनं वाडीवर चढतात. गाडीवर सोडतो म्हटलं तर ऐकत नाहीत. परवा मीही बरोबर गेलो. एका वळणावर ते थांबले. "हितं मास्तर दम खायाचं," म्हणाले आणि टोपीनं डोळे पुसू लागले. मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि त्यांचा दम खाऊन होईपर्यंत शेजारी उभा राहिलो.