झाडाले थंडी खाऊ द्या

थंडीला इतका भिणारा आणि थंडीचे इतके गोडवे गाणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. जो एक झाला तो नेमका आमच्या मावशीच्या नशिबी आला. हे गृहस्थ म्हणजे मावशीचे यजमान, आमचे काका. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळी मी अकोल्याहून अमरावतीला शिकायला येऊन त्यांच्याकडे राहिलो होतो. कोजागिरी झाली की काकांच्या डोक्यावर कानटोपी चढे, ती होळीलाच उतरे. अंगात बंडी, बंडीवर कोट, कोटावर घोंगडी, आणि त्या सगळ्या बोचक्यातून बाहेर दिसे ते फक्त नाक. असा हा माणूस भल्या सकाळी तिवशाच्या वाटेवरच्या आपल्या वावरात जाऊन उघड्याबोडक्या संत्र्याच्या कलमांना दम भरी, "खा लेको, थंडी खा! थंडी खाल्ल्याबिगर झाड पक्कं होत नाई!"

झाडांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. केळ आणि वांगी लाडावलेली, जरा गारवा सुटला की माना टाकणार. तूर वरून दांडगी, पण फुलावर आली की भित्री. हरभरा मात्र पैलवान, कारण तो थंडी पिऊनच घाटे धरतो. कांदा हुशार, वर पात जळाली तरी तो खाली जमिनीत आपली शिदोरी घेऊन निवांत झोपलेला असतो. आणि बोराचं नाव काढलं की काका भक्तिभावाने डोळे मिटत, कारण बोरं ऐन थंडीतच गोड होतात. संत्र्याचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. दसऱ्यानंतर खत बंद, दिवाळीनंतर मोटेचं पाणी अगदी बेताचं. "पानी देशीन तं कवळे कोंब फुटतीन, अन् कवळ्यालेच थंडी पयले धरते. तहानलेल्या झाडाचा रस घट होते, काकवीवानी. पानी गोठते, काकवी गोठते काय?" काकवी गोठलेली मीही कधी पाहिली नव्हती.

हा सिद्धांत झाडांपुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. पण मी अकोल्याच्या उन्हातलं रोप, मला हळूहळू पक्कं केलं पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. रोज माझ्या आंघोळीच्या बादलीत कढत पाणी थोडं थोडं कमी होऊ लागलं. शेवटी मी कुडकुडत ओरडलो, "काका, तुम्ही स्वतः तर उकळतं पाणी घेता!" चुलीजवळ बसलेल्या बोचक्यातून उत्तर आलं, "मी काय झाड हाओ काय बे?"

या सगळ्या गमतीत एक गोष्ट मात्र अजिबात गमतीची नव्हती. वावर एकत्र कुटुंबाचं होतं आणि कारभार काकांच्या ताडमाड उंच थोरल्या भावाचा. त्यांना घरात सगळे मोठेबाबा म्हणत. मोठेबाबांचा जीव कपाशीत. काळ्याभोर जमिनीत संत्री लावणं म्हणजे त्यांच्या मते शुद्ध नादानपणा. तरी धाकट्याने हट्टच धरला म्हणून त्यांनी विहिरीजवळचा तुकडा दिला होता, आणि निक्षून बजावलं होतं, "येत्या गुढीपाडव्यालोक पायतो. बाग दिसली तं बाग, नाई तं कुऱ्हाड लावतो अन् पऱ्हाटी पेरतो." काकांनी ती कलमं स्वतःच्या हाताने लावलेली, उन्हाळ्यात खांद्यावरून घागरी वाहून जगवलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. आणखी काय सांगू?

त्या वर्षी पौषात थंडीने कहर केला. काकांनी बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून धूर केला, पण थंडी कसली ऐकते! एका सकाळी आम्ही वावरात गेलो तर पानापानावर दव गोठून मीठ भुरभुरल्यागत पांढरं झालेलं. ऊन चढलं तशी सगळी बाग काळी पडली. काकांच्या खांद्यावरून घोंगडी खाली पडली तरी त्यांना भान नाही. मीच ती उचलून त्यांच्या अंगावर टाकली.

मोठेबाबा आले, बांधावरूनच म्हणाले, "मेले हे झाडं. आणा कुऱ्हाड."

"भाऊ, मेलेल्याची नाडी तरी पायते माणूस," काका म्हणाले. "तुमी पायली काय?" आणि त्यांनी नखाने साल खरवडून दाखवली. आत हिरवं होतं.

"हिरवं तं दगडावरचं शेवायबी रायते," मोठेबाबा म्हणाले. पण पाडव्याचा शब्द त्यांनी मोडला नाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. शेजारच्या बागवाल्याने जळक्या फांद्या लगेच छाटून पाणी सोडलं, आणि त्याच्या झाडांना लुसलुशीत कोंब फुटले. काका मात्र कुणाला कात्री लावू देईनात. "ते झोपले हायेत, उठवू नका. थंडी अजून गेली नाई." गावाने त्यांना आळशी ठरवलं, येडं ठरवलं. दिवसभर काका सगळ्यांना तोंड देत. पण एकदा संध्याकाळी ओसरीवर मी पाढे घोकत असताना ते आत मावशीला म्हणाले ते मी ऐकलं, "मले काईच मालूम नाई वं. मले वाटते मेलेच ते." मावशी म्हणाली, "मंग आपन दुसरे लावू." एवढंच. मला रडू आलं.

माघात थंडी पुन्हा उलटली. शेजाऱ्याचे सगळे कोंब एका सकाळी करपले. काका त्याच्या बांधावर जाऊन बसले आणि त्याला आपल्या चंचीतलं पान लावून दिलं. आमची झाडं काळीच्या काळी उभी, हलायला तयार नाहीत.

शिमगा तोंडावर आला. एका सकाळी काका चुलीशी बसले असताना मोठेबाबा धोतराचा सोगा धरून, धापा टाकत, धुळीने माखलेल्या पायांनी थेट स्वयंपाकघरात शिरले. या माणसाने आयुष्यात भावजयीच्या चुलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. "अबे, ऊठ! कोंब आले ना बे! बुडापासून शेंड्यालोक कोंब आले!"

आम्ही धावत गेलो. कोंब तर होतेच. पण बघतो तर झाडांच्या साली किती ठिकाणी खरवडलेल्या! काकांची नखं कमरेइतक्या उंचीवर चालत. मावशीने हळूच कबूल केलं की खालचे ओरखडे तिचे. आणि पार वरचे, हात उंचावून काढलेले? घरात इतके उंच एकच होते, आणि ते विहिरीकडे तोंड करून उगाच खाकरत उभे होते. हुश्श! त्या दिवशी काका दुपारभर झोपले, घोंगडीशिवाय.

त्या साली फळ आलं नाही, पण पाडव्याला कुऱ्हाडीचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या साली काकांनी पहिलं संत्रं मोठेबाबांच्या हातात ठेवलं. त्यांनी एक फोड तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं, तरी एकेक करत त्यांनी सगळ्या फोडी संपवल्या, आणि धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गोड हाय." काका खाली मान घालून उभे राहिले. आदल्या दिवशी त्याच झाडाचं एक त्यांनी चोरून चाखलं होतं, चिंचेपरीस आंबट.

आता दोघंही नाहीत. पुढे त्या बागेची संत्री खरोखरच गोड निघाली, दूरदूरचे लोक नावाजत. पण मोठेबाबांसारखं "गोड हाय" त्यानंतर कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.