फोल्डरच्या आत फोल्डर

तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे, म्हणून सगळा कारखाना तिला कात्रीबाई म्हणायचा. तेही पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. शर्टांच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत ती एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसत आली होती. काम असं, की संगणकावर बाह्या, कॉलर, खिसे, पाठी हे सगळे तुकडे कापडाच्या पन्ह्यात असे बसवायचे, की चिंध्या कमीत कमी निघाव्यात. तिची मांडणी छापून खाली जायची आणि कटिंग मास्तर त्यावरून कापड कापायचा. या मास्तरशी तिचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. चौकड्याच्या एका शर्टावरून दोघांची जुंपली होती. चूक कुणाची ते देव जाणे! तेव्हापासून दोघं मांडणीच्या कागदावरच भांडायची. ती लिहायची, "नीट बघून कापा." तो खाली लिहायचा, "आधी नीट मांडा."

अशात मालकांचा मेहुणा कारखान्यात नाक खुपसायला लागला. त्याने कुठूनसं एक प्लगइन आणलं. ते तिच्याच सॉफ्टवेअरला जोडायचं, की मांडणी आपोआप होणार. बटण दाबा आणि चहा पिऊन या!

"हे तेवढं बसवून घ्या, मावशी," म्हणत त्याने पेन ड्राइव्ह टेबलावर टाकला.

मावशी! हा घोडा स्वतः चाळिशीचा. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि बसवल्यावर मी काय करायचं?"

"तुमचं बघू ना नंतर."

'बघू' म्हणजे काय, ते न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. नवऱ्याचे डोळे अधू झाले आणि बस चालवणं सुटलं, त्याला दोन वर्षं झाली होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. बावन्नाव्या वर्षी तिला दारात तरी कोण उभं करणार होतं?

सोबत एक सूचनांचा कागद होता. सॉफ्टवेअर बंद करा, तिन्ही फायली त्याच्या 'प्लगइन्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाका, पुन्हा सुरू करा. बस, एवढंच. तिने काय केलं, फायली मोकळ्या न टाकता त्यांचं अख्खं फोल्डरच उचलून आत ठेवलं. फोल्डरच्या आत फोल्डर. सॉफ्टवेअर बाहेरच्या फोल्डरमध्ये बघतं, आतल्यात डोकावत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. सुरू केल्यावर नवं बटण दिसलंच नाही.

"नाही आलं हो," ती साळसूदपणे म्हणाली.

मेहुण्याने विकणाऱ्याला फोन लावला. तो पलीकडून विचारी, "प्लगइन्समध्ये ठेवलंय का?" हा इकडून बघे आणि ओरडे, "ठेवलंय की!" असं तीन दिवस चाललं. घरी नवरा म्हणाला, "आता तेवढं तोंड बंद ठेव. गप्प बसायला काय जातं तुझं?" ती हो म्हणाली, आणि तीन दिवस खरोखर मूग गिळून बसली.

चौथ्या दिवशी मालक स्वतः वर आले. "आज नाही चाललं तर परत पाठवून द्या. नसती डोकेदुखी!"

तिला हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत गप्प बसलं की सुटले.

मेहुण्याचा चेहरा पडला. पण त्याचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायलाच हवं ना! "भावोजी, वस्तू चांगली आहे हो. बाईंना तीन फायली जागेवर ठेवता येत नाहीत. एकोणीस वर्षं इथे बसून शिकल्या काय?"

तिने ओठ दाबून धरले. तेवढ्यात कालच्या मांडणीचा कागद घेऊन आलेला कटिंग मास्तर दारातच खो खो हसला.

"मी तेव्हाच सांगत होतो," तो म्हणाला, "बाईला येतच नाही."

सहा वर्षांनी तोंड उघडलं मेल्याने, आणि हे बोलला! तिच्या अंगाची लाही लाही झाली. नवरा, घर, पगार, काही म्हणता काही आठवलं नाही.

"सरका!" ती मेहुण्याला म्हणाली. सॉफ्टवेअर बंद केलं, आतलं फोल्डर उघडलं, तिन्ही फायली बाहेर ओढल्या, पुन्हा सुरू केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. वरच्या पट्टीत नवं बटण आलं. तिने ते दाबलंसुद्धा. पडद्यावर बाह्या-कॉलर सरकू लागले, वळले, एकमेकांत शिरले. चार मिनिटांत मांडणी तयार! चिंधी तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या मांडणीपेक्षाही कमी होती. ते तिला सगळ्यांच्या आधी दिसलं.

"मग चार दिवस काय झालं होतं?" मेहुण्याने विचारलं.

नजरचूक झाली म्हणाली असती तरी भागलं असतं.

"मुद्दाम चुकीच्या जागी ठेवल्या होत्या!" ती मास्तरकडे बघून कडाडली. "म्हणे येत नाही! या कारखान्यात माझ्याशिवाय हे येतं कुणाला?"

मालक पडद्याकडेच बघत होते. "आता कुणाला यायची गरज नाही, बाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, की तिच्याकडे मान वळवली नाही.

तिने डबा आणि चष्मा पिशवीत टाकला. मास्तर दारातून बाजूला झाला. त्याच्याकडे न बघता ती जिना उतरली. नवरा एव्हाना जेवून आडवा झाला असेल. आज इतक्या लवकर कशी आलीस, म्हणून विचारणार होता.