चीफ शिरोडकरांचं दुसरं मशीन

गुरुप्रसाद शिरोडकर घराबाहेर पडतात तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. एक उघडायला, आणि दुसरी पहिली उघडली नाही तर. चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे दोन, आणि सिंगापूरच्या बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये नवराबायकोच्या संसाराला मिक्सरसुद्धा दोन. "बायको तेवढी एकीवर भागवलीत, उपकारच म्हणायचे," असं गिरिजाकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. शिरोडकर गालातल्या गालात हसतात, पण यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना मनापासून कळलेलं नसतं.

माणूस मूळ वेंगुर्ल्याचा. कोवळ्या वयात बोटीवर चढला, तेलकट कपड्यांत घाम गाळत चीफ इंजिनियर झाला आणि पन्नाशीला टेकल्यावर, "आता पुरे झाला तुमचा समुद्र," असं काकूंनी बजावलं तेव्हा सिंगापूरच्या बंदरात उतरला तो कायमचा. समुद्र सुटला, 'चीफ' ही हाक काही सुटली नाही. साठी उलटली तरी आज ते तोआ पायोहमधल्या एका जुन्या ऑफिस इमारतीचा गारवा सांभाळतात. बाहेर बारा महिने घामाच्या धारा आणि दार ढकलून आत गेलं की हुडहुडी, असा हा देश. इमारतीला लागणाऱ्या विजेतली जवळजवळ निम्मी वीज या हुडहुडीवरच जाते. तळघरातली चिलर नावाची धिप्पाड मशीनं पाणी गार करतात, पंप ते पाणी मजल्यामजल्यावर खेळवतात आणि आतली उष्णता गच्चीवरच्या टॉवरमधून आभाळात जाते. बोटीची इंजिनरूम उचलून जमिनीवर ठेवली तर अशीच दिसेल, त्यामुळे चीफ तिथे पहिल्या दिवसापासून रमले.

रमले म्हणजे खुर्ची धरून बसले नाहीत. सकाळी ऑफिसं भरली की ते मजले फिरायला निघायचे आणि आधी बघायचे ते खुर्च्यांच्या पाठी. पाठीवर स्वेटर दिसला की थांबून विचारायचे, "व्हाय यू कोल्ड?" विषुववृत्ताच्या इतक्या जवळ राहून माणसानं स्वेटर घालून टाइप करावं आणि त्यासाठी खाली मशीननं ऊर फुटेस्तोवर धावावं, याचा त्यांना मनस्वी संताप यायचा. ते गोड बोलून ऑफिसवाल्यांना तापमान थोडं चढवायला लावायचे. कुणी कुरकुर केली की दुसऱ्या दिवशी तिथे छताला पंखा लागलेला असायचा. दारांच्या फटी बुजव, ऊन येणाऱ्या काचांना पडदे लाव, गच्चीला पांढरा रंग दे, असले उद्योग त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. त्यांच्यामुळे त्या इमारतीत स्वेटर दिसेनासे झाले, आणि मला विचाराल तर एवढ्या एका गोष्टीसाठी या माणसाला मुजरा करायला हरकत नाही.

मालकांनी अखेर जुनी चिलर काढून नवी बसवायचं ठरवलं आणि ते काम घेऊन आली अश्लेषा. पुण्याची पोर, तिशीतली, एका इंजिनियरिंग कंपनीत एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर, आलेली. सगळी रचना तिची. दोन नवी मशीनं. नेहमीच्या दिवशी इमारतीला एकच पुरेल, दुसरं फक्त अडीअडचणीला. कधी कोणतं चालवायचं ते यंत्रणाच ठरवेल. चीफ तिच्याबरोबर पाइप न् पाइप फिरले. कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ आणि टोक पंपाला लावून आतलं बेअरिंग कसं ऐकायचं, हे त्यांनी तिला शिकवलं. रविवारी ती बिशानला जेवायला यायला लागली. काकूंच्या सोलकढीवर ताव मारताना तिला घर आठवायचं आणि डोळे भरून यायचे, की काकू आणखी वाढायच्या.

नवी मशीनं सुरू झाली आणि गाडं अडलं. कंपनीनं जेवढी वीज वाचेल असं लिहून दिलं होतं तेवढी काही वाचेना. जुन्यापेक्षा बरं होतं, पण कबूल केलेल्याच्या आसपासही नव्हतं. चाचणीची मुदत संपत आली. मालकांच्या आणखी तीन जुन्या इमारती रांगेत होत्या आणि त्यांचं काम या निकालावर ठरणार होतं. रचना चुकली असं ठरलं तर चुकली कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. अश्लेषाची नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की पास जाणार, म्हणजे बॅगा भरायच्या.

आता कारण काय होतं ते सांगून टाकतो, तळघरात ते रोज उघड्यावरच घडत होतं. रोज सकाळी चीफ तळघरात आले की दुसऱ्या मशीनचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवायचे आणि ते मशीन चालू करायचे. त्याच्याबरोबर त्याचे पंप चालू, त्याचा टॉवर चालू. दिवसभर दोन्ही मशीनं अर्ध्या पोटी धावायची, आणि रात्री सगळं बंद करताना रात्रपाळीवाला ते बटण पुन्हा ऑटोवर आणून ठेवायचा. अश्लेषानं एकदा हळूच विषय काढला होता. "काका, दुसरं बंद ठेवलं तर?"

"पहिलं बसलं तर?"

"तर दुसरं आपोआप सुरू होईल. थोडा वेळ लागेल एवढंच."

त्या 'थोड्या वेळा'वर चीफनी तिला एका खाडीची गोष्ट सांगितली. बोट बंदरात शिरताना दोन जनरेटर चालू ठेवायचे, हा बोटीवरचा रिवाज. त्या दुपारी तेल वाचवायला कप्तानानं एकावर चालवायला सांगितलं आणि चीफनी मान डोलावली. ते एक अचानक बसलं. भर दुपारी इंजिनरूममध्ये मिट्ट काळोख झाला. काळोखापेक्षा भयंकर ती शांतता. एवढ्या अवाढव्य बोटीत एकही यंत्र बोलत नव्हतं आणि बोट नांगरलेल्या बोटींच्या दिशेनं आपली आपण वाहत होती. दिवे यायला थोडाच वेळ लागला. तेवढ्यात अभय नावाचा त्यांचा ज्युनियर अंधारात दुसऱ्या जनरेटरकडे धावला आणि लोखंडी जिन्यावरून खाली कोसळला. तो अजून लंगडतो.

"तेव्हापासून मी एकावर कधी चालवलं नाही," चीफ म्हणाले. "आणि नुसतं जोडीला फिरणारं मशीन वीज अशी खाऊन खाऊन किती खाणार?"

अश्लेषानं त्यांच्याकडे पाहिलं आणि विषय मिटवला. पुन्हा काढला नाही. ती व्हॉल्व्ह तपासत राहिली, पंपांचे वेग बदलून बघत राहिली. चीफना वाटलं, पोरीला पटलं.

मग चीफना डेंगी झाला. आठवडाभर ते अंथरुणाला खिळले आणि काकूंनी त्यांना पपईच्या पानांच्या रसापासून कुणाकुणाच्या काढ्यापर्यंत सगळं पाजलं. कामावर परतले त्या दिवशी अझमान, त्यांच्या हाताखालचा मलय टेक्निशियन, चहा घेऊन आला आणि अगदी सहज म्हणाला, "चीफ, यू एमसी दॅट वीक हॉर, प्लान्ट सो नाइस लाह. ओन्ली वन रनिंग. नोबडी कम्प्लेन."

एमसी म्हणजे आजारपणाची रजा. चीफ रजेवर होते, बटण फिरवायला कुणी नव्हतं, आणि यंत्रणा जशी आखली होती तशी चालली होती.

चीफनी चहा खाली ठेवला. पडद्यावर त्या आठवड्याच्या विजेच्या खपाची रेघ काढून बघितली. ते यंत्राचं बोलणं जन्मभर ऐकत आलेले, त्यांना रेघ वाचायला वेळ लागला नाही. ते अंथरुणात होते तेव्हा रेघ कंपनीच्या शब्दाइतकी खाली उतरली होती. आज सकाळी ते आले आणि ती पुन्हा वर चढली होती. ऑफिसात स्वेटर शोधत फिरणारा माणूस, आणि खालच्या मजल्यावर स्वतःच रोज सकाळी एक आख्खं मशीन फुकट पळवत होता.

त्यांनी अश्लेषाला फोन लावला. "तू पाहिलं होतंस?"

ती म्हणाली, "पाहिलं होतं, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं काँट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. या वयात ते दरवर्षी विचार करूनच देतात. ऑपरेटरमुळे प्लान्ट फसला असं एकदा मीटिंगमध्ये आलं की… आणि ती अभयची गोष्ट ऐकल्यावर तुम्हाला ते बटण सोडा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी सांगेन, डिझाइनमध्ये थोडं राहिलं म्हणून. मी तरुण आहे, मिळेल दुसरी नोकरी."

घरी येऊन चीफ बराच वेळ बूट न काढता बसले. काकूंनी पुढ्यात ताट ठेवलं, ते तसंच राहिलं. सगळं ऐकून घेतल्यावर काकू म्हणाल्या, "त्या मुलीनं तुमचं नाव झाकलं. आता तुम्ही काय करणार, ते मला सांगू नका. मला माहीत आहे. जेवून घ्या आधी."

बत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला नवऱ्याची एवढी खात्री असावी, हे प्रशस्तिपत्र कुठल्या कंपनीच्या लेटरहेडवर मिळत नाही. चीफ जेवले.

चाचणीच्या निकालाची मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मालकांच्या वतीनं मिसेस लिम आल्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या, शिस्तीच्या बाई. अश्लेषाचे साहेब कपाळाला आठ्या घालून बसले होते. अश्लेषा उभी राहिली. चेहरा उतरलेला, पण आवाज घट्ट. इंग्रजीत तिनं सुरुवात केली की रचनेत काही गोष्टींचा अंदाज कमी पडला असावा.

"नो," चीफ मागून म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. एरवी अशा मीटिंगला चीफ भिंतीलगत बसायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. ते उठले, आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसानं भरल्या खोलीत सांगून टाकलं की रचना शंभर टक्के बरोबर आहे, दुसरं मशीन रोज आपण हातानं चालू करतो, तिनं एकदा सुचवलं होतं आणि आपण ऐकलं नाही. कारण विचारल्यावर त्यांनी खाडीची गोष्ट मात्र काढली नाही. "ओल्ड हॅबिट. माय हॅबिट, नॉट हर मिस्टेक," एवढंच म्हणाले.

अश्लेषाच्या साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, ते उघडउघड सुटले होते. अश्लेषा खाली मान घालून उभी होती. मिसेस लिम चीफना म्हणाल्या, "शो मी."

सगळी मंडळी तळघरात उतरली. अझमाननं कानांवर लावायचे संरक्षक सगळ्यांना वाटले. चीफनी घेतले नाहीत. दोन्ही मशीनं घुमत होती आणि पायाखालची जमीन बारीक थरथरत होती, बोटीवर थरथरते तशी. चीफ दुसऱ्या मशीनसमोर गेले. उजवा हात बटणावर ठेवला, डावा तळवा मशीनच्या अंगावर. आणि तिथेच थबकले.

खोटं कशाला सांगू, त्यांच्यानं बटण फिरवेना. मीटिंगमध्ये बोलताना ते अडखळले नव्हते. मालक, नोकरी, वय, यातल्या कशाची त्या माणसाला तेवढी भीती नव्हती जेवढी पुढच्या शांततेची होती. अश्लेषा शेजारी येऊन उभी राहिली, पण तिनं हात पुढे केला नाही. ते त्यांचं त्यांनीच करायचं होतं.

त्यांनी बटण ऑटोवर फिरवलं.

दुसऱ्या मशीनचा आवाज उतरत गेला. त्याचा पंप थांबला. डाव्या तळव्याखालची थरथर मंद झाली आणि मग नाहीशीच झाली. तळघरातला अर्धा आवाज गेला. पहिल्या मशीननं सूर किंचित खालचा धरला, भार अंगावर घेतला आणि ते चालत राहिलं. पडद्यावरची रेघ हळूहळू खाली वाकू लागली तशा मिसेस लिम चष्मा वर सारून तिच्याकडे बघायला गेल्या.

चीफ कुठेच बघत नव्हते. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ते उरलेला एकच आवाज ऐकत होते आणि थंड पडत चाललेल्या मशीनवरचा त्यांचा तळवा जागचा हलत नव्हता.

मिसेस लिमनी वळून विचारलं की पुढच्या वर्षीही चीफच हे सांभाळणार आहेत ना, कारण बाकीच्या तीन इमारतींतसुद्धा असेच जुने जाणते बसलेत आणि त्यांना बटण सोडायला शिकवणारं कुणीतरी हवं. चीफना ते ऐकूच आलं नाही. अझमाननं त्यांच्या वतीनं "येस, येस, मॅडम," म्हणून टाकलं.

अश्लेषानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. टोक पहिल्या मशीनच्या पंपाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला, त्यांनी शिकवलं होतं तशी, आणि कान देऊन ऐकलं.

"बेअरिंग छान आहे, काका," ती म्हणाली. "आणि बसलंच कधी, तर जोडीला मी आहे ना."

चीफनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या मशीनवरचा हात काढून घेतला.